खांद्यावरचं घर

कारखान्याच्या बांधकामावर आलेल्या दुर्गाबाईनं पवना नदीकाठच्या एका शेतात तुराट्यांचं इवलंसं घर बांधलं. एकही खांब जमिनीत पुरला नाही, सगळं काथ्यानं आवळलं.

शेताचा मालक गेनबा खेकसला, "घर हाय का कोंबड्यांचं खुराडं? हलव माझ्या रानातनं!"

"हलवते, मालक." चार बिगाऱ्यांनी घर खांद्यावर घेतलं आणि ओढ्यापल्याडच्या पडीक माळावर ठेवलं.

वर्षभरात सरकारनं कारखाना वाढवायला गेनबाचं रान घेतलं. राहतं दगडी घरही त्यातच गेलं. तो मान खाली घालून माळावर आला.

"बाई, मला बी असलं एक बांधून देशील?"

दुर्गाबाईनं पदर खोचला. "चला दादा, तुराट्या आणू. रडत बसू नका. पुढच्या बारीला कुणी ऊठ म्हणलं, तर घर घेऊनच उठू."