आंबा, कंदील, कोयता

"आंबा, कंदील, कोयता," मिलिंद म्हणाला. "एवढे तीन शब्द ध्यानात ठेवा, आबा. थोड्या वेळानं मी परत विचारणार."

"इचार की," खाटेवरून नाथाजी म्हणाला. "आडनाव काय रं तुजं?"

"जाधव."

"कुठलं जाधव?"

"सांगलीकडचे. आबा, आज वार कोणता?"

नाथाजीनं बायकोकडं बघितलं. शालूबाई चुलीपुढून म्हणाली, "मी सांगायचं न्हाई. डाक्टरांनी बजावलंया."

"मग बाजाराचा वार आसंल. सकाळीच तासगावला बेदाणा घालून आलो न्हवं का मी!"

महिनाभर तो उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. चहाची बशी त्याच्या हातात थरथरत होती आणि निम्मा चहा धोतरावर सांडत होता.

पाच मिनिटांनी मिलिंदनं शब्द विचारले.

"कसलं शब्द?" नाथाजी हसला. "तू कोन रं?"

मिलिंदनं फुली मारली. त्याला बरं वाटलं.

सांगलीच्या एका दवाखान्यात संशोधन चाललं होतं. दारू मेंदूचं काय करते, म्हातारपणाचा विसर काय करतो, हे तपासायचं होतं. मिलिंद तिथं मदतनीस. गावोगाव फिरून तो बेवड्यांना आणि म्हाताऱ्यांना प्रश्न विचारायचा. नाथाजीचं नाव त्यात त्यानंच घातलं होतं, कारण नाथाजीची पद्मा ही मिलिंदची बायको होती.

लातूरच्या भूकंपाच्या सालात ती घर सोडून बौद्धाच्या घरात गेली. तेव्हा खुंटीवरचा कोयता काढून नाथाजी चावडीपुढं उभा राहिला. "दिसतील तितं दोघांची खांडोळी करीन!" सगळ्या गावानं ऐकलं. एकानंही हात धरला नाही. गावाला त्याची दारू खुपायची, शपथ नाही खुपली.

जावयाचं तोंड त्यानं कधी बघितलं नव्हतं. पुढं तो पीत गेला, पडला, आणि मेंदू गेला असं लोक म्हणायला लागले.

आता पद्माला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा तिचा हट्ट. मिलिंदनं समजावलं, भांडून बघितलं. ती एकच म्हणायची, "आईच्या हातानं व्हायला पायजे माजं." बापाचा मेंदू गेला असेल, तरच लेकीला माहेर होतं. ते बघायला मिलिंद येत होता; तो कोण, हे एकट्या शालूबाईला ठाऊक होतं. डॉक्टरांच्या प्रश्नांत तिसरा शब्द 'पेन्सिल' होता. त्या जागी त्यानं स्वतःच 'कोयता' घातला. राखेत एखादा निखारा असेल, तर या शब्दाला म्हाताऱ्याचं तोंड बोलेल, असा त्याचा हिशेब. तोंड काही बोललं नाही.

"दारू पूर्ण बंद, आणि जीवनसत्त्वाची इंजेक्शनं," डॉक्टरांनी सांगितलं होतं. "कापरं थांबेल. आठवण परत येईलच असं नाही. मेंदूला भोक पडतं, तिथं असे लोक गोष्टी रचून भरतात."

"आणि जात, सर? ती मेंदूच्या कुठल्या भागात असते?"

डॉक्टर हसले. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

शालूबाईनं थेंबभर दारू घरात येऊ दिली नाही. कापरं खरंच थांबलं. खाटेवर बसून नाथाजी बेदाण्याच्या काड्या निवडायला लागला. पण वार नाही, महिना नाही, तीन शब्द नाहीत. दर खेपेला मिलिंद त्याला नवाच. आडनाव तेवढं विचारायला तो एकदाही चुकला नाही.

"जावईबापू, पद्मीला ह्ये लोनचं न्या," एका दुपारी शालूबाई म्हणाली. "आन् कवा आनताय तिला?"

मिलिंद दचकला. "आई, हळू. आबा आहेत."

"आवं, ह्यास्नी सांगितलं काय आन् भितीला सांगितलं काय! पाच मिंटात इसरत्यात."

नाथाजी मान खाली घालून काड्या मोडत होता.

"पुढच्या सोमवारी आणतो," मिलिंद म्हणाला.

सोमवारी दोघं दुपारच्या एसटीनं उतरली. पद्मानं पदर पुढं ओढून घेतला होता. गावात कुणी ओळखलं नाही, किंवा ओळखून गप्प राहिलं. गावाची ती जुनी सवय.

नाथाजी खाटेवर बसला होता. दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा. खुंटीवर आज नुसती टोपी होती.

"या," तो म्हणाला. आडनाव विचारलं नाही. हेही गेलं, मिलिंदला वाटलं. डोक्यातली शेवटची खोलीसुद्धा रिकामी झाली.

"कुनाची गं पोर?" नाथाजीनं पद्माला विचारलं.

पद्माच्या डोळ्यांत पाणी आलं. "पावनी हाय," शालूबाई हसत रडत म्हणाली.

"मग पावनीला गोड कर की काय तरी. जा, दुकानातनं साकर आन."

"हाय की घरात."

"चांगली वंजळभर आन. पोटुशी बाई दारात आलीया."

शालूबाई पदर खोचून लगबगीनं गेली. पद्मा भिंतीला टेकून बसली. किती वर्षांनी ती त्या भिंतीला टेकत होती. मिलिंदनं तिच्याकडं बघून मान हलवली. भ्यायचं कारण नाही.

नाथाजी उठला. काठी न घेता दारापर्यंत गेला, कडी घातली आणि परत खाटेवर येऊन बसला.

"वारं लय हाय," तो म्हणाला.

बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं. मिलिंद कडीकडं बघत राहिला.

"आज न्हाई इचारलंस काय?" नाथाजीनं विचारलं.

"काय, आबा?"

"आंबा, कंदील," नाथाजी म्हणाला. "समदं ध्यानात हाय, जावईबापू." आणि वाकळेखालून न कापणाऱ्या हातानं त्यानं तिसरा शब्द बाहेर काढला.