आणखी मोठ्या ठिणग्या

बाबा आणि माझी लेक मिळून खेळतात त्या गेममध्ये ती स्क्रीनवर चटकन सापडावी म्हणून तिच्या पात्रामागे ठिणग्या उडाव्यात, हा हट्ट बाबांचाच. गेममध्ये बदल करायच्या प्लगइनची माहिती वाचून, डोकेफोड करून मी त्या एकदाच्या उडवल्या. आठवड्याने बाबा म्हणाले, "जरा मोठ्या कर." आकार दोनाचा चार केला. पुढे आठ, मग सोळा.

चौथ्यांदा मात्र माझा पारा चढला. "बाबा, आता पुरे! सगळा स्क्रीन ठिणग्यांनी भरलाय, पोरगी रडकुंडीला आलीय. एवढं करूनही ती तुम्हाला सापडत नाही?"

"नाही," बाबा म्हणाले. मग खिशातून स्कूटरची किल्ली काढून त्यांनी माझ्या कीबोर्डवर ठेवली.

"उद्यापासून तिला शाळेत तूच सोडत जा."