पिवळा ठिपका

भावाच्या जुन्या जीपसाठी वृषालीने इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर आखला आणि आराखडा यंत्राला दाखवला. घडवण्याआधीच त्या भागाचं अख्खं आयुष्य पडद्यावर पाहिल्याशिवाय उद्यमनगरात आता कुणी पत्रा कापत नसे.

पडद्यावर चौदाव्या महिन्यात घाटात दगड लागून चेंबर फुटला, जीप जागीच थांबली. पुढे वेल्डिंग मारून तो वीस वर्षं चालला. दर खेपेला ऑइल बदललं, की नटावर ताजा पिवळा ठिपका दिसे. ती तिच्या भावाची, जोतीरामची खोड. नट स्वतः आवळून ठिपका दिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"ताई, ह्या खेपेला फुटाय नगं बघ," जोतीराम मागून म्हणाला.

तिने पत्रा दुप्पट जाड केला. आता दगड लागला तरी चेंबरला काही झालं नाही, जीप तशीच घाट उतरत गेली. त्यानंतरही ऑइल बदललं जात होतं, पण दुसऱ्याच कुणाच्या हातून; नटावर ठिपका नव्हता. वीस वर्षांत एकदाही नाही.

वृषालीने ती वीस वर्षं पडद्यावर तीनदा मागे फिरवून पाहिली.

"झाला का पक्का?"

"झाला," मागे न बघता ती म्हणाली, आणि पहिला, फुटणारा आराखडा तिने पत्रा कापायच्या यंत्रात घातला.