फासा

खेळ रचणाऱ्या शहाण्या, राक्षसाच्या लेकराला तू जन्मजात चोर ठरवलंस. मुरुमच्या उमाशंकरनं तुझा सोंगं घेऊन, फासे टाकून खेळायचा इंग्रजी खेळ मराठीत आणताना नियमांच्या पुस्तकात ‘वंशा’च्या जागी ‘जात’ लिहिलं, अन् ते बरोबरच लिहिलं. खेळात फासेपारध्यांची काजल हौसेनं कोतवाल झाली होती. खऱ्या गावात मागच्या आठवड्यात चोरी झाली अन् पुरावा नसताना पोलिसांनी तिच्या बापालाच उचललं होतं. आज खेळातल्या गुहेत राक्षसाचं लेकरू तिच्यापुढं हात जोडून उभं राहिलं. “मार की,” उमाशंकर म्हणाला. “ह्या जातीला मारलं तर पाप न्हाय, पुस्तकातच हाय. सोडलंस तर तुझी कोतवाली गेली. टाक फासा, तुमच्या घरचंच काम ते.” सगळे हसले. सवयीनं काजलही हसली. मग तो टोकदार फासा तिनं मुठीत आवळला. “टाकते की, उम्या. आधी पुस्तकाला विचार, ह्या लेकरानं काय चोरलं?”