तक्त्यातली चांदणी

दवाखान्यातल्या नोंदी नावं पुसून एकत्र करायला आलेल्या संशोधिकेने फॅरो द्वीपसमूहातल्या त्या इवल्याशा बेटाला शब्द दिला होता, “एखाद्या आजाराचे पाचाहून कमी रुग्ण असले, तर आकड्याऐवजी नुसती चांदणी छापू. कोण ते कुणालाच कळणार नाही!”

तक्ता आला. मूळव्याधीपुढे चांदणी होती.

“तुम्मासकाका!” रेगिन सगळ्यांच्या आधी ओरडला. “चर्चमध्ये उशी घेऊन दुसरं कोण बसतं?”

त्या दिवसापासून म्हाताऱ्याचं नावच चांदणी पडलं. काका असे रुसले, की मेंढ्या हाकायला सगळं गाव डोंगरावर गेलं, तरी ते घराबाहेर आले नाहीत.

मग रेगिनच पुढे झाला. “काकांना एकटं पाडायचं नाही,” म्हणत त्याने झाडून सगळ्या गावाला दवाखान्यात नेलं. एकेकाने डॉक्टरीणबाईंपुढे कण्हत-कुंथत आपल्या नावावर मूळव्याध नोंदवून घेतली.

पुढच्या वर्षीच्या तक्त्यात चांदणी ‘मूळव्याध नसलेले’ या ओळीत जाऊन बसली होती.

 

“बाक गार लागतो रे, म्हणून उशी,” तुम्मासकाका म्हणाले. “पण मग पहिली चांदणी कोण होती, रेगिन?”