हजर त्याला गुण

आमच्या कंपनीचे मॅनेजर जहागीरदार साहेब विलायतेहून एक खेळ घेऊन आले होते. फासे टाकून गोष्टीतला राक्षस मारायचा आणि अनुभवाचे गुण वहीत मांडायचे. गुण वाढले की गडी ताकदवान. वाळूजच्या कंपनी कॉलनीत दर रविवारी साहेब, आम्ही दोन इंजिनिअर आणि चौथा कुणी मिळेना म्हणून भट्टीवरचा बिरू, असे बसायचो.

नामांतराच्या बंदात एसटी थांबल्या. बदलीचा माणूस पोचलाच नाही, म्हणून बिरू तीन दिवस कंपनीतच राहिला आणि त्यानं एकट्यानं भट्टी विझू दिली नाही. इकडं आम्ही तिघांनी साहेबांच्या बंगल्यावर भजी खात राक्षस मारला.

बंद मिटल्यावरच्या रविवारी बिरूनं आपले गुण विचारले. साहेब न्यायाधीशासारखे ताठ बसले.

"गैरहजर गड्याला गुण नाहीत. बाकीच्यांवर अन्याय होतो. नियम म्हणजे नियम."

आम्हा दोघांच्या माना लगेच डोलल्या. प्रमोशनची यादी साहेबच करायचे.

मग साहेबांनी कपाटावरची नवीकोरी ढाल कौतुकानं टेबलावर मांडली. बंदातही भट्टी चालू ठेवली म्हणून कंपनीनं कालच त्यांचा सत्कार केला होता.

बिरूनं ढालीवरचं साहेबांचं नाव बोट फिरवत सावकाश वाचलं.

 

"साहेब, गैरहजर गड्याला खेळात गुण नाय, मंग कंपनीत ढाल कशी काय मिळती?"