निळा दोर

"पकडला का चोर?" सासरेबुवांनी तिसऱ्यांदा विचारलं.

सुनेने सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला नाही. "बाबा, जरा दम धरा."

दम धरणं हा सासरेबुवांचा प्रांतच नव्हता. ओल्या पायांनी ते प्रयोगशाळाभर येरझारा घालत होते. सकाळी स्वतः बुडी मारून त्यांनी प्रवाळाचे अकरा तुकडे आणले होते, समुद्रातल्या त्यांच्या बागेतले. चौदा वर्षांपूर्वी मोडके तुकडे गोळा करून, दोरांना बांधून, कपडे वाळत घालावेत तसे पाण्यात टांगून त्यांनी ही बाग वाढवली होती. आता ती पांढरी पडत चालली होती. हे सगळं किनाऱ्यावरच्या हॉटेलांचं प्लास्टिक, यावर त्यांची पक्की श्रद्धा. येता-जाता ते हॉटेलवाल्यांच्या नावाने बोटं मोडत. आज सुनेकडून पुरावा घ्यायचा आणि उद्या त्यांना कोर्टात खेचायचं, असा बेत होता.

सुनेने अकरावा तुकडा पाहिला. प्रवाळातला एकेक जीव म्हणजे इवलंसं तोंड आणि त्याखाली पोट. प्रत्येक पोटात तेच होतं: निळ्या तंतूंचं वेटोळं. तुकड्यांची जुडी ज्या दोराने बांधून आणली होती, त्याचा एक धागा तिने मघाशीच शेजारच्या काचेवर ठेवला होता. तिने तो पुन्हा एकदा पाहिला. काडीचाही फरक नव्हता.

'नक्की सांगता येत नाही,' असं म्हणायला काय जात होतं? तिच्या ओठांवर आलंही होतं.

"कोणी बडी असामी दिसतेय," तिचा चेहरा बघून सासरेबुवा म्हणाले. "घाबरू नकोस. नाव घे."

ती खुर्चीवरून उठली. सासरेबुवा बसले, चष्मा कपाळावर सारून वाकले. आधी ही काच पाहिली, मग ती. मग पुन्हा ही. त्यांचा हात टेबलावर चाचपडत दोराच्या टोकापाशी गेला आणि तिथेच राहिला.

"हा तर आपला दोर."

"हो बाबा."

"काथ्या वर्षभरात कुजायचा. म्हणून मीच नायलॉनचा आणला."

"झिजतो तो. तंतू सुटतात. प्रवाळांना वाटतं खाणं आलं, म्हणून गिळतात. मग ते बाहेर टाकता येत नाहीत."

सासरेबुवा ताडकन उठले. हाताला काम मिळालं की त्यांना बरं वाटायचं. "काढून टाकू. उद्या पहाटेच लागतो मी. सगळे दोर!"

सुनेला ते दोर आठवले. लग्नानंतर पहिल्यांदा तिला पाण्यात नेलं तेव्हा त्यांनीच कौतुकाने दाखवलं होतं: प्रवाळ दोरावर चढून असं वाढलंय, की दोर कुठे संपतो आणि ते कुठे सुरू होतं, सांगता येऊ नये.

"दोर त्यांच्या अंगातून गेलाय, बाबा," ती म्हणाली. "ओढला तर बाग मोडेल."

"आणि ठेवला तर?"

तिने अकराव्या तुकड्याची काच पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली. सासरेबुवा खाली बसले. त्यांना कधी असं बसलेलं तिने पाहिलं नव्हतं. टाकीत हवा सोडणारा पंप घरघरत होता. त्यांनी विचारलं, "पोटात दुखतं का गं त्यांच्या?"

"नाही. उलट पोट भरल्यासारखं वाटतं. मग भूकच लागत नाही. आणि हळूहळू उपासमार होते."

"भूकच लागत नाही," सासरेबुवा पुटपुटले. "आणि मी रोज खाली जाऊन बघायचो. वर येऊन तुझ्या सासूला सांगायचो, पोरं अगदी तृप्त दिसतात."